सुऱ्याची पाठ

लुआन गुईफेनच्या दुकानात दोन गोष्टी रोज ताज्या मिळत, बिअर आणि मार. बिअर दुपारी कारखान्याच्या टेम्पोतून पिंपांत भरून येई. मार त्यानंतर तासाभरात कुठल्या तरी टेबलावरून सुरू होई. छिंगदाओच्या जुन्या बंदराकडे उतरणाऱ्या त्या गल्लीत बिअरची दुकानं आणखीही होती, पण गर्दी लुआनकडेच. तिची बिअर कधी शिळी नसे आणि तिच्याकडची मारामारी कधी चौकीपर्यंत जात नसे.

मारामारी मिटवण्याची तिची एक रीत होती. दाराशी एक बादली असे. तिसऱ्यांचे शिंपले वाळू ओकेपर्यंत ज्या पाण्यात ठेवत, ते खारट, गढूळ पाणी त्यात साठवलेलं. दोन गडी एकमेकांच्या उरावर बसले, बाकडं मोडलं, कुणाच्या भुवईतून रक्त आलं, की ती शांतपणे बादली उचलायची आणि दोघांच्या डोक्यावर रिकामी करायची. मग जो सुरू करणारा असेल त्याच्या एक सणसणीत थोबाडीत. पाणी दोघांना, थोबाडीत एकाला. सुरू कुणी केलं हे तिला विचारावं लागत नसे. एकदा गोदीतल्या क्रेनवाल्यानं पत्त्यांच्या डावावरून टॅक्सीवाल्याच्या टाळक्यात ताटली फोडली. तिनं थोबाडीत दिली ती टॅक्सीवाल्याला.

"मला का? डोकं माझं फुटलंय!"

"पत्ता कुणी लपवला? तुझ्या बुडाखाली बघ."

पत्ता बुडाखालीच होता. मग दोघं भिजलेले तसेच शेजारी बसले, लाल मिरचीत परतलेल्या तिसऱ्यांची ताटली मध्ये ठेवली गेली आणि टॅक्सीवाला डोक्याला फडकं धरून शिंपले चोखत राहिला.

मासे ज्याचे त्याचे आणि चूल तिची, असा हिशेब होता. माणसं बाजारातून म्हाकूळ, खेकडे, बांगडे पिशवीत घालून आणत, तिचा नवरा छू ते रांधून देई. उन्हाळ्यात समुद्रात डुंबून आलेले बाप्ये ओल्या चड्डीवरच येत, प्लास्टिकच्या पिशवीत बिअर भरून घेत, नळी खुपसत आणि पायरीवर टेकत. पिशवीतल्या त्या गार बिअरचा पहिला घोट आणि तोंडातला समुद्राचा खारटपणा, यापलीकडचं सुख आमच्या गल्लीतल्या कुणाला ठाऊक नव्हतं आणि हवंही नव्हतं. शहाणी माणसं म्हणतात, अशा सुखात हाणामारी कशाला? त्यांनी कधी दिवसभर कोळशाची पोती वाहून पाहावीत, मग संध्याकाळी त्यांना सल्ला विचारू.

गुईफेन मारातच वाढली. बाप कोळशाच्या धक्क्यावर हमाल. आई लवकर गेली, तेव्हा धाकटा युंगफू पाळण्यात होता. बाप पिऊन आला की पट्टा काढायचा, आणि गुईफेन भावाला पाठीशी बांधून भिंतीला पाठ टेकून उभी राहायची, म्हणजे पट्टा लागेल तो पुढून तिलाच. युंगफू चालायला लागल्यावरसुद्धा बापाचा आवाज आला की हात पुढे करायचा आणि ताईच्या मुठीत द्यायचा. मग लग्न झालं ते छूशी. छू जहाजावरचा आचारी, शुद्धीत असला की लोण्याहून मऊ. प्याला की हात उचलायचा. पहिली दोन वर्षं तिनं सोसलं. तिसऱ्या वर्षी एके दिवशी त्यानं तिचे केस धरले, तेव्हा तिच्या हातात तापलेली कढई होती. छूचा डावा कान कायमचा गेला. त्या दिवसापासून त्यानं बायकोवर हात टाकला नाही, आणि पुढे गिऱ्हाइकांना तो स्वतःच हा किस्सा सांगायचा, वर अभिमानानं म्हणायचा, "एका कानाच्या बदल्यात संसार मिळाला. स्वस्तात पडला."

तिला मूल झालं नाही. युंगफूच तिचं मूल. त्याला तिनं दुकानात घेतलं, पिंपाला तोटी ठोकायला, खेकडे फोडायला. पोरगा कामाला चांगला होता, पण बापाचं डोकं घेऊन आला होता. नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

आणि माशी बसली ती मौ ताशानच्या रूपानं.

मौ हा मासेमारीच्या बोटीवर जाळं ओढायच्या यंत्रावर काम करणारा गडी, आडदांड आणि तोंडाचा फाटका. त्या उन्हाळ्यात एक दिवस टेम्पो उशिरा आला आणि एकच पिंप घेऊन आला. सगळी गल्ली तहानेनं चवताळलेली. नव्या पिंपातून पहिल्यांदा नुसता फेस येतो, तो गटारात ओतायचा असतो. घाईत युंगफूनं त्याच फेसाची पिशवी मौच्या हातात दिली. मौनं ती वर धरून उन्हात पाहिली.

"हे काय? कुत्र्याला पाजतोस?"

"थांब की. दुसरी देतो."

"फेस तुझ्या बापाला पाज," मौ म्हणाला आणि अख्खी पिशवी त्यानं युंगफूच्या डोक्यावर पिळली. वर हसला. सगळे हसले.

युंगफूच्या हातात खेकडे फोडायचा चौकोनी सुरा होता आणि मौचा उजवा पंजा फळीवर टेकलेला होता. गुईफेन बादलीपर्यंत पोचायच्या आत सुरा खाली आला. चार बोटं फळीवरच्या खेकड्यांत पडली. मौ आधी ओरडलाच नाही. तो बोटांकडे बघत राहिला, मग डाव्या हातानं ती गोळा करायला लागला, आणि तिसरं बोट उचलताना मात्र असा ओरडला की वरच्या मजल्यावरच्या बायका खिडकीतून ओणवल्या.

युंगफूला नऊ वर्षांची सजा झाली. प्रांताच्या पार पश्चिमेकडे, जिथे समुद्राचा वाससुद्धा पोचत नाही, अशा तुरुंगात त्याला धाडलं.

हाताची पट्टी निघाली त्या दिवशी मौ दुकानात आला. दारालगतच्या टेबलावर बसला. उजव्या हाताला नुसता अंगठा.

"वहिनी, एक मग भर."

गुईफेननं भरला. त्यानं तो डाव्या हातानं उचलला, निम्मा छातीवर सांडला, निम्मा प्यायला.

"सुटला की तो आधी इथंच येणार. त्याला तुझ्याशिवाय कोण आहे? मी इथंच बसतो. रोज येतो. हाताला हात. त्यापेक्षा जास्त नको नि कमीही नको."

"ये," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

आणि तो आला. रोज. गल्लीनं त्याचं नाव थोट्या ठेवलं, अर्थात त्याच्या पाठीमागे. तोंडावर म्हणणाऱ्या एका पोरसवदा खलाशाचे पुढचे दोन दात त्यानं डाव्या हातानं पाडले, म्हणजे डावा हात तोवर तयार झाला होता. तो तयार झाला तोही गुईफेनच्याच टेबलावर. डाव्या हातात जेवायच्या काड्या धरून तो तिसऱ्या उचलायचा, त्या निसटून गिऱ्हाइकांच्या मांडीवर पडायच्या, आणि तो त्या शिंपल्यांच्या आईचा उद्धार करायचा. एकदा तिनं न बोलता चमचा ठेवला. त्यानं तो भिंतीवर भिरकावला. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यानं चमच्यानं रस्सा प्यायला आणि वर म्हणाला, "मीठ जास्त झालंय." त्या दिवसापासून गुईफेनला त्याची भीती वाटेनाशी झाली, आणि याचीच तिला कधी कधी भीती वाटे.

माणूस रोज समोर बसला की वैरी राहत नाही, निदान तसं वाटायला लागतं. एका दारुड्यानं फुटकी बाटली घेऊन गुईफेनच्या तोंडावर झेप घेतली, तेव्हा मध्ये पडला तो मौ. त्यानं कपाळानं त्या माणसाचं नाक असं फोडलं की रक्त लादीवरून पायरीपर्यंत गेलं. नंतर तोच बसून लादी पुसत होता. नव्या वर्षाला तो सुकवलेली कोलंबी आणून देई. बायको वारली तेव्हा तो इथंच येऊन रडला. खाई नावाचा त्याचा मुलगा मोठा होऊन बोटीवर लागला, तेव्हा सगळ्या दुकानाला त्यानं बिअर पाजली. पण युंगफूचं नाव निघालं की तो अंगठ्यानं तळव्याची शिवण चोळायला लागे. वर्षातून एकदा गुईफेन विचारायची.

"अजून?"

"अजून," तो म्हणायचा आणि बिअरचा मग पुढे करायचा.

सुटकेचा दिवस जवळ आला तशी तिची झोप उडाली. भावाला दुसऱ्या गावी पाठवावं, असं छूनं सुचवलं. तिनं त्याला वेड्यात काढलं. नऊ वर्षं वाट बघणारा माणूस आणखी नऊ वर्षं बघेल, आणि भाऊ जन्मभर पाठीमागे बघत चालेल. त्यापेक्षा एकदाच काय ते समोरासमोर. ती मौच्या टेबलाशी गेली.

"युंगफू येतोय. मी पान मांडते. तू मानाचा पाहुणा."

मौनं हातातला मग खाली ठेवला. "बोलावतेस तर येतो. तुझ्या घरचं नऊ वर्षं खाल्लंय. पण जेवण झाल्यावर काय होईल, ते आत्ता मला विचारू नकोस."

"नाही विचारत. आधी जेव."

युंगफू आला तो म्हातारा होऊन. केस पिकलेले, गालाचं हाड वर आलेलं, नजर सारखी जमिनीला. ती त्याला दुकानात न नेता आधी समुद्रावर घेऊन गेली. तो कपडे काढून पाण्यात शिरला, डोकं बुडवलं, आणि कितीतरी वेळानं वर आला तेव्हा चेहऱ्यावरचं पाणी कुठलं नि डोळ्यांतलं कुठलं हे कळत नव्हतं. मग दोघं पायरीवर बसली. त्यानं पिशवीतली बिअर नळीनं ओढली आणि डोळे मिटले.

"ताई, तिकडे रात्रीचं मी हेच आठवायचो. ही पिशवी. हे गार."

"पी."

"तो मला मारेल का गं?"

"माहीत नाही."

"मी पाया पडेन त्याच्या. डोकं आपटेन जमिनीवर."

"पाया बिया पडू नकोस. असल्या नाटकांचा त्याला तिटकारा आहे. तुला दारापाशी, माझ्यासमोर बसायचंय. ती दुसऱ्या यजमानाची जागा, आणि त्याचं काम एकच, पाहुण्याची ताटली रिकामी दिसू द्यायची नाही. त्याचा एकच हात धड आहे. त्याला काय उचलता येत नाही ते बघ आणि वाढत राहा. तोंडानं माफी मागण्यापेक्षा हातानं वाढलेलं त्याला कळेल."

हे तिनं सांगितलं. पुढे जन्मभर तिला हेच आठवत राहिलं, की हे तिनंच सांगितलं.

संध्याकाळचं ऊन अजून गल्लीत होतं. गोल टेबलावर यजमानाच्या जागी गुईफेन, तिच्या उजव्या हाताला मौ, समोर दाराकडे पाठ करून युंगफू आणि चौथा छू, जो बसण्यापेक्षा चुलीशी जास्त होता. बाकीच्या टेबलांवर माणसं नेहमीसारखी पीत होती, म्हणजे पिण्याचं सोंग करत होती. उकडलेले शेंगदाणे आले, कांद्याच्या पातीतलं म्हाकूळ आलं, सुरमईचं सारण भरून उकडलेल्या करंज्या आल्या, तिसऱ्या तर होत्याच. गुईफेननं रीतीप्रमाणे पहिले तीन मग उचलले, मौनं तिला साथ दिली.

मग छूनं लांबट ताटलीत वाफवलेला अख्खा जिताडा आणला आणि त्याचं तोंड मौकडे करून ठेवला. माशाचं तोंड ज्याच्याकडे, त्यानं आधी प्यायचं, मग इतरांनी काड्या लावायच्या. मौ माशाकडे बघत राहिला. त्यानं आपला मग उचलला, एका दमात रिकामा केला आणि खाली ठेवला.

"घ्या," तो म्हणाला. "गार होतोय."

युंगफूनंही आपला मग संपवला आणि तोंड उघडलं. "मौदादा, मी त्या दिवशी—"

"जेवताना नको."

"बरं."

"तिकडे मासा मिळायचा?"

"वर्षातून एकदा. नव्या वर्षाला. गोड्या पाण्यातला, चिखलाचा वास यायचा."

"शी," मौ म्हणाला. आणि जराशानं, "माझा खाई पण आता यंत्रावर असतो. माझ्याच जागेवर. परवाच गेलाय बाहेर. लांबचा पल्ला आहे या वेळी. मी त्याला सांगितलंय, हात कुठे ठेवतोस ते बघत जा." बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच हसू आलं. गुईफेन हसली. युंगफूला हसावं की नाही कळेना, मग तोही थोडासा हसला. टळलं, असं गुईफेनच्या मनात आलं. अगदी तसंच आलं.

माशाची वरची बाजू संपली होती. मौ डाव्या हातानं काट्याशी खुडबुड करत होता. एका हातानं अख्खा काटा उचलून काढणं जमत नाही, आणि त्याची ताटली रिकामी होती. युंगफूनं ते पाहिलं. त्यानं काड्या माशाच्या पोटाखाली घातल्या, अलगद मासा उलटा केला, खालच्या बाजूचं सगळ्यात मऊ, चरबीचं मांस तोडलं आणि दोन्ही हातांनी मौच्या ताटलीत ठेवलं.

सगळं दुकान थिजलं.

दर्यावर पोट असलेल्या कुणाच्याही ताटात मासा उलटा करत नाहीत. काटा उचलतात आणि खालचं खातात. ज्याचं माणूस पाण्यावर आहे त्याच्यासमोर तर 'उलटा' हा शब्दसुद्धा उच्चारत नाहीत, कारण जे माशाचं होतं तेच बोटीचं होतं. आमच्याकडे दूधपित्या पोराला हे कळतं. युंगफूलाही कळत होतं. पण नऊ वर्षं तो समुद्र न पाहिलेल्या माणसांच्या पंगतीत जेवला होता. तिथे नव्या वर्षाचा एक मासा दहा जणांत यायचा आणि जो आधी उलटा करेल त्याला मांस मिळायचं. हाताला लागलेली सवय होती. वर भर घातली ती मायेनं.

"माझा पोरगा पाण्यावर आहे," मौ हळू म्हणाला.

युंगफूला आधी समजलं नाही. मग त्यानं ताटलीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "दादा, चुकून... मला तुम्हाला वाढायचं—"

"माझा हात घेतलास. आता पोर घेतोस?"

मौनं टेबल ढकललं ते युंगफूच्या छातीवर. बिअरचे मग, माशाचं भांडं, शेंगदाणे सगळं लादीवर. त्यानं उजव्या कोपरानं युंगफूची मान दाबली आणि डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. युंगफूचा कान फाटला. छू मध्ये घुसला तर त्याच्या तोंडावर कोपर बसलं आणि तो दात थुंकत भिंतीशी बसला. मौच्या डाव्या हातात कमरेची छोटी सुरी आली, मासे चिरायची, दोन्ही बाजूंनी धारेची. युंगफूनं हात उचलले नाहीत. नुसता म्हणत होता, "चुकलं, दादा, चुकलं," आणि तोंडातलं रक्त त्या शब्दांत मिसळत होतं.

गुईफेननं बादली रिकामी केली. नऊ वर्षांत हजार माणसं त्या पाण्यानं शुद्धीवर आली होती. मौची पापणीही लवली नाही. पाणी सुरीवरून ओघळून युंगफूच्या गळ्यावर पडलं, कारण सुरी आता गळ्यावर होती. टोक आत गेलं होतं आणि तिथून बारीक लाल रेघ उतरत होती. कुणी पुढे सरकत नव्हतं. जो पुढे सरकेल त्याच्या पायी युंगफूचा जीव गेला असता.

गुईफेन मागे वळली, आत गेली आणि फळीवरचा चौकोनी सुरा घेऊन आली. सगळ्यांना वाटलं, आता मौचं डोकं दुभंगतं. मौलाही तसंच वाटलं असावं, कारण त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि सुरी केसभर आणखी दाबली.

"मौ. तू हाताला हात म्हणाला होतास," ती म्हणाली. "गळा म्हणाला नव्हतास."

मौची सुरी होती तिथंच राहिली.

"नऊ वर्षं माझ्या दुकानात बसून एकच गोष्ट बोललास. ती तरी खरी कर. जास्त नको नि कमीही नको, तुझेच शब्द."

ती भावाजवळ गेली. "युंगफू, हात दे."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत रक्त गेलेलं, तरी त्या डोळ्यांत एकदम सुटका दिसली. ताई आली. त्यानं उजवा हात पुढे केला आणि तिच्या मुठीत दिला. तिनं तो टेबलाच्या कडेवर पालथा ठेवला, मनगटावर डाव्या हाताचा सगळा भार टाकला आणि सुरा वर उचलला. वर गेलेला सुरा तिथं थांबला. तिनं तो हातात फिरवून धार वर केली, पाठ खाली केली, आणि मारला.

पहिल्या फटक्यात दोन बोटं मोडली. खेकड्याची नांगी फोडावी तसा आवाज आला. युंगफूची किंकाळी फुटली, तो हात ओढायला लागला, पण तिनं भार सोडला नाही. दुसरा फटका उरलेल्या दोघांवर बसला. तिसरा सगळ्यांवर. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. ती काम करत होती.

"पुरे," मौ म्हणाला. त्यानं सुरी कधी टाकली ते कुणाला कळलं नाही. त्यानं तिचं मनगट धरलं होतं. "गुईफेन, पुरे. पुरे गं."

मौनंच युंगफूला पाठीवर घेतलं आणि तो उतारावरून इस्पितळाकडे धावत सुटला. वाटेत येणाऱ्या सगळ्यांवर ओरडत होता, "बाजूला व्हा, माणूस मोडलाय!" चौकीवरून विचारणा झाली तेव्हा युंगफूनं सांगितलं, पिंप अंगावर आलं. दुकानातल्या सगळ्यांनी ते पिंप पाहिलं होतं.

बोटं जागेवर राहिली, पण चारही कायमची ताठ. मूठ काही वळेना. मौचा खाई बोट भरून सुखरूप परतला, तेव्हा मौनं पहिली सुरमई युंगफूच्या खोलीवर नेऊन दिली. पुढे जाळ्यांच्या गोदामात राखणीचं काम त्यानंच त्याला मिळवून दिलं. दोघं रोज संध्याकाळी एकत्र येत, दारालगतच्या टेबलावर बसत, दोन माणसांचे दोन धड हात एकमेकांना उपयोगी पडत. एकानं शिंपला धरायचा, दुसऱ्यानं उघडायचा. भांडतही भरपूर, पत्त्यांवरून, बिअरवरून, पण शब्दांनीच. गल्लीत म्हणू लागले, बघा, वैर कसं मिटवावं ते लुआन वहिनीकडून शिकावं. तिनं ते ऐकून घेतलं आणि काही म्हणाली नाही.

कारण युंगफू तिच्याशी बोलत नव्हता. भांडून नव्हे, रुसूनही नव्हे. ती बिअरचा मग घेऊन गेली की तो बाजूला बघायचा आणि बिअर तशीच राहायची. छू घेऊन गेला की, "द्या दाजी," म्हणून उचलायचा. ती जवळून गेली की त्याचा उजवा हात आपोआप टेबलाखाली जायचा. तिनं पहिला हिवाळा वाट पाहिली. दुसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी ती चुलीशी उभी होती आणि दोघांचं बोलणं पडद्याआड स्पष्ट ऐकू येत होतं.

"अरे, बोल की तिच्याशी," मौ म्हणत होता. "बहीण आहे तुझी. तिच्यामुळं जिवंत आहेस. मी तर गळाच चिरणार होतो, शपथेवर सांगतो. आणि बोटं तरी का राहिली? तिनं सुरा फिरवला म्हणून."

"माहिती आहे."

"मग? माझ्याबरोबर पितोस आणि तिच्या हातचं नको?"

युंगफूनं पिशवी उचलली असावी. नळीनं बिअर ओढल्याचा आवाज आला.

"तू रागात होतास. मी तुला मारलं तेव्हा मीही रागात होतो, हातात सुरा आहे हेसुद्धा मला कळलं नाही. माणूस रागात मारतो, त्याचं मी समजू शकतो. तिनं सुरा वर नेला, थांबली, धार कुठली नि पाठ कुठली ते बघितलं, आणि मग मारला. माझा हात धरून. मी तो विश्वासानं दिला होता रे."

मौनं उगाच रिकामे शिंपले ताटलीत खडखडवले.

गुईफेनला बाहेर जाऊन ओरडावंसं वाटलं, की थांबले ती तुझ्याच बोटांसाठी, तेवढा एक क्षण तुझ्यासाठीच होता. पण तो म्हणत होता ते खरं होतं. त्या क्षणी तिला राग आला नव्हता, भीतीही वाटली नव्हती. तिनं भाव ठरवून माल द्यावा तसा त्याचा हात दिला होता, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईल, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं कढईतल्या तिसऱ्या ताटलीत काढल्या, वर मिरच्या पसरल्या आणि ताटली छूच्या हातात दिली.

"त्यांच्या टेबलावर ने," ती म्हणाली. "गरम आहेत म्हणून सांग."